इटालियन क्रियापदांत जोर कुठे पडतो? शेवटून मोजू नका

तुमचा प्रश्न मला असा समजला. वर्गात ‘शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर’ असा नियम शिकवला. पार्लारे, पार्लातो, पार्ल्यामो सगळं त्यात बसलं. मग ‘ते बोलतात’ साठी तुम्ही पार्लानो म्हणालात, ला वर जोर देऊन, आणि शिक्षकांनी अडवलं. तेलेफोनानोला (‘ते फोन करतात’) तर दोनदा अडवलं. आता तुम्ही अक्षरं मोजलेल्या रूपांची यादी देऊन विचारताय की शब्दाची अक्षरं नीट तोडायला शिकलो तर जोर आपोआप कळेल का.

नाही कळणार. अक्षरं तोडण्याचा उपयोग आहे, आणि मोठा आहे, पण तो बहुतेक जोराची जागा ठरल्यानंतरचा. जागा ठरवायला शेवटून मोजणं हाच मुळात चुकीचा रस्ता आहे. इटालियन क्रियापदात जोर एका ठराविक तुकड्याला चिकटलेला असतो. त्या तुकड्याच्या मागे आणखी अक्षरं जोडली गेली तरी तो जागचा हलत नाही. शेवटून मोजणाऱ्याला मात्र दर वेळी वेगळा आकडा मिळतो आणि वाटतं, नियम मोडला.

पुढे जाण्याआधी लिहिण्याची पद्धत सांगतो. ‘अक्षर’ म्हणजे इथे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, लिपीतलं अक्षर नव्हे. तुकडे आडव्या रेघेने तोडलेत आणि जोराच्या तुकड्याआधी ˈ ही खूण आहे: ˈपार्-ला-नो. शब्दाच्या शेवटचा बिनजोराचा इ मी मुद्दाम ऱ्हस्व लिहिणार आहे, पार्लि असा. मराठी शुद्धलेखनाप्रमाणे तो ‘पार्ली’ व्हायला हवा, पण तसा लिहिला की मराठी डोळा तो लांबवतो. अर्धी चूक तिथेच होते.

उरलेली अर्धी चूक ‘आ’ मुळे होते. इटालियनमध्ये मराठी ‘अ’ सारखा स्वर नाही, त्यामुळे देवनागरीत लिहिताना प्रत्येक वेळी काना द्यावा लागतो. ‘पार्लानो’ लिहिलं की आपल्याला दोन दीर्घ आ दिसतात. पहिला र् ला टेकून आखूड होतो, दुसरा मोकळा असतो, म्हणून जीभ ला वर रेंगाळते. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान जोराकडे लक्ष न देता लांबीकडे देतो. इटालियनमध्ये मात्र ˈपेर्-दो-नो म्हणजे ‘ते हरतात, हरवतात’ आणि पेर्-ˈदो-नो म्हणजे ‘क्षमा’ किंवा ‘मी क्षमा करतो’. ˈप्रे-दि-को म्हणजे ‘मी प्रवचन देतो’, प्रे-ˈदि-को म्हणजे ‘मी भाकीत करतो’. प्रसिद्ध त्रिकूट तर तुम्ही ऐकलंच असेल: ˈका-पि-ता-नो ‘(गोष्टी) घडतात’, का-पि-ˈता-नो ‘कप्तान’, का-पि-ता-ˈनो ‘त्याने नेतृत्व केलं’. लिखाणात खूण फक्त तिसऱ्यावर येते, कारण शेवटच्या अक्षरावर जोर असेल तरच ती देणं सक्तीचं आहे. पहिले दोन छापील पानावर हुबेहूब सारखे दिसतात.

आता मुख्य गोष्ट, ‘ते’ चं रूप. नव्वद टक्के घोळ याच एका रूपात होतो, म्हणून इथे जरा थांबू. हे रूप शून्यातून बनवू नका, एकवचनाला शेपूट जोडा. आरे-गटाच्या, म्हणजे मूळ रूप पार्लारेसारखं आरे ने संपणाऱ्या, क्रियापदात ‘तो’ चं रूप घ्या आणि नो जोडा: ˈपार्-ला, ˈपार्-ला-नो. एरे आणि इरे गटांत ‘मी’ चं रूप घ्या आणि नो जोडा: ˈवे-दो, ˈवे-दो-नो, ˈदोर्-मो, ˈदोर्-मो-नो. अनियमित क्रियापदंही बहुतेक याच वाटेने जातात: ˈवेन्-गो-नो, ˈदि-को-नो, ˈपोस्-सो-नो, ˈवो-ल्यो-नो. शेपूट स्वतः जोर घेत नाही आणि आधीचा जोर हलवतही नाही. म्हणून ते-ˈले-फो-नो ‘मी फोन करतो’ आणि ते-ˈले-फो-ना-नो ‘ते फोन करतात’. जोर दोन्हीकडे ले वरच. शेवटून मोजलं तर एकदा तिसरा आणि एकदा चौथा, पण मोजायचंय कशाला?

हीच युक्ती बाकीच्या काळांतही चालते. इंपेर्फेत्तोत (‘बोलत होता’ असा अपूर्ण भूतकाळ) पार्-ˈला-वा ला नो जोडून पार्-ˈला-वा-नो. संकेतार्थात पार्-ले-ˈरेब्-बे ला रो जोडून पार्-ले-ˈरेब्-बे-रो. कोंजुन्तिवोच्या (इच्छा, शंका, शक्यता दाखवणारी रूपं) भूतकाळात पार्-ˈलास्-से वरून पार्-ˈलास्-से-रो. पास्सातो रेमोतोच्या (संपून गेलेल्या गोष्टीचा साधा भूतकाळ) अनियमित रूपांत ˈप्रे-से ‘त्याने घेतलं’, ˈप्रे-से-रो ‘त्यांनी घेतलं’. नियमित पार्-ˈलो (‘तो बोलला’) चं पार्-ˈला-रो-नो होतं. तिथे नुसती जोडणी नाही, पण जोर तरीही प्रत्ययाच्या त्याच पहिल्या स्वरावर आहे.

अपवाद वाटेल अशी एक टोळी आहे: ˈआन्-नो (त्यांच्याकडे आहे), ˈफान्-नो, ˈस्तान्-नो, ˈदान्-नो, ˈसान्-नो, ˈवान्-नो. यांची एकवचनं पाहा: आ, फा, स्ता, दा, सा, वा. सगळी एकाक्षरी, म्हणजे जोर शब्दाच्या अगदी टोकाला. टोकावर जोर असलेल्या रूपाला नो जोडताना न दुप्पट होतो. भविष्यकाळात तेच घडतं: पार्-ले-ˈरा, पार्-ले-ˈरान्-नो. हा योगायोग नाही. इटालियन भविष्यकाळ मूळ ‘बोलणे’ आणि ‘असणे/बाळगणे’ या दोन क्रियापदांच्या जोडणीतून आलाय, पार्लेरान्नोच्या पोटात तोच आन्नो बसलाय. म्हणून भविष्यात जोर कायम प्रत्ययावर, धातूवर कधीच नाही.

‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ ची रूपं याउलट. वर्तमानात जोर प्रत्ययावर सरकतो: पार्-ˈल्या-मो, पार्-ˈला-ते, ते-ले-फो-ˈन्या-मो, ते-ले-फो-ˈना-ते. इंपेर्फेत्तोतही: पार्-ला-ˈवा-मो. इथे एक सापळा आहे, चांगल्या मधल्या (बी-१) पातळीच्या विद्यार्थ्यालाही पकडणारा: कोंजुन्तिवोच्या भूतकाळातलं ‘आम्ही’. ते पार्-ˈलास्-सि-मो आहे, पार्-लास्-ˈसि-मो नव्हे. पार्लावामोच्या चालीवर जीभ आपोआप सि वर जाते. इथे मो हे पार्-ˈलास्-सि ला लागलेलं शेपूट आहे असं धरा, म्हणजे चूक होणार नाही.

सर्वनामं मागून चिकटतात तेव्हाही हाच न्याय. ˈपार्-ला ‘बोल’, ˈपार्-ला-मि ‘माझ्याशी बोल’. ˈपोर्-ता ‘आण’, ˈपोर्-ता-मे-लो ‘ते मला आणून दे’. आन्-ˈद्या-मो-चे-ने ‘चला, निघू या’. ˈइन्-दि-का-मे-लो ‘ते मला दाखव’ मध्ये जोर शेवटून पाचव्या अक्षरावर आहे. इटालियन व्याकरणात प्रत्येक स्थानाला वेगळं नाव आहे: शेवटचं अक्षर त्रोंका, दुसरं प्याना, तिसरं स्द्रूच्चोला, चौथं बिस्द्रूच्चोला, पाचवं त्रिस्द्रूच्चोला. स्द्रूच्चोला म्हणजे घसरती. नावं परीक्षेसाठी पाठ करा, बोलताना विसरा. एकाक्षरी आज्ञार्थाला सर्वनाम लागलं की आन्नोसारखंच व्यंजन दुप्पट होतं: ˈदिम्-मि ‘मला सांग’, ˈफाल्-लो ‘ते कर’, ˈवात्-ते-ने ‘चालता हो’. फक्त ल्यि हे सर्वनाम दुप्पट होत नाही: ˈदा-ल्यि ‘त्याला दे’.

इथवर थोडक्यात: एकवचनी तीन आणि ‘ते’ या चार रूपांत वर्तमानाचा जोर धातूवर, ‘आम्ही-तुम्ही’त प्रत्ययावर, आणि मागून लागलेली शेपटं हिशोबात धरायची नाहीत. उरला प्रश्न एकच. धातूला एकाहून जास्त अक्षरं असतील तर त्यातल्या कुठल्या अक्षरावर?

इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर पक्का नियम नाही, पण चांगले अंदाज आहेत. आणि अक्षर तोडण्याचा पहिला खरा उपयोग इथेच आहे. ‘मी’ चं रूप घ्या, तोडा, आणि शेवटून दुसरं अक्षर पाहा (हो, इथे एकदाच मोजायचंय). ते व्यंजनावर मिटत असेल, तर क्रियापदांत जोर जवळजवळ नेहमी तिथेच: आ-ˈस्पेत्-तो, दि-ˈवेन्-तो, राक्-ˈकोन्-तो, ओर्-गा-ˈनिद्-झो. आपल्याला हे परकं नाही. वृत्तात जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू मानतात, त्याच न्यायाने हे अक्षर जड आहे आणि जोर ओढून घेतं.

ते अक्षर उघडं, म्हणजे स्वरावर संपणारं असेल, तर दोन्ही शक्यता उरतात. का-ˈम्मि-नो नव्हे, काम्-ˈमि-नो ‘मी चालतो’ (ही तोडही लक्षात ठेवा, दुहेरी व्यंजन मधून फुटतं), कु-ˈचि-नो, इम्-ˈपा-रो, इन्-ˈवि-तो. पण ˈओर्-दि-नो, ˈतेर्-मि-नो, इम्-ˈमा-जि-नो, ˈआ-बि-तो, ˈवि-झि-तो. अशा वेळी नातेवाईक नाम शोधा. ते-ˈले-फो-नो हे नाम आणि ‘मी फोन करतो’ एकच. ˈओर्-दि-ने, ˈतेर्-मि-ने, इम्-ˈमा-जि-ने ही नामं क्रियापदांना वाट दाखवतात. नाम नेहमी खरं बोलेलच असं नाही: ‘इच्छा’ दे-सि-ˈदे-र्यो, पण ‘मी इच्छितो’ दे-ˈसि-दे-रो. इफिकारेवाली क्रियापदं मात्र एकजात वागतात, जोर त्या इफि मधल्या इ वर: वे-ˈरि-फि-को, नो-ˈति-फि-को, आणि म्हणून वे-ˈरि-फि-का-नो. बाकी शब्दकोशात पाहा. इटालियन शब्दकोश क्रियापदाखाली ‘मी’ चं रूप जोराच्या खुणेसह देतात, ते याच कारणासाठी. नवं आरे-क्रियापद वहीत उतरवताना मूळ रूपाबरोबर हे एक रूप उतरवा, बाकीची वर्तमानातली सगळी रूपं त्यातून निघतात. काही ठिकाणी शब्दकोशातच दोन जोर मिळतात, ‘बाष्पीभवन होणे’ साठी ए-वा-ˈपो-रो आणि ए-ˈवा-पो-रो, आणि बोलण्यात दुसरा जास्त ऐकू येतो. उलट ‘मी मूल्यमापन करतो’ हे वा-ˈलु-तो. ˈवा-लु-तो असं अनेक इटालियन लोकही म्हणतात, पण परीक्षेत तसं म्हणू नका.

एरे-गटाची अडचण वेगळी, ती मूळ रूपातच आहे. आरे आणि इरे मध्ये जोर नेहमी प्रत्ययावर: पार्-ˈला-रे, दोर्-ˈमि-रे. एरे मध्ये दोन जाती. वे-ˈदे-रे, आ-ˈवे-रे, पो-ˈते-रे, सा-ˈपे-रे, का-ˈदे-रे एकीकडे. ˈप्रेन्-दे-रे, ˈलेज्-जे-रे, ˈस्क्रि-वे-रे, रि-ˈस्पोन्-दे-रे दुसरीकडे. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे गट होते, पण वाटेत काही क्रियापदांनी गट बदलला, ‘हसणे’ आणि ‘उत्तर देणे’ इकडून तिकडे गेली, ‘पडणे’ आणि ‘जाणणे’ तिकडून इकडे. त्यामुळे लॅटिन येणाऱ्यालाही ते पाठच करावं लागतं. एक उपयोगी खूण आहे: भविष्यकाळात मधला ए गळत असेल, जसं वे-ˈद्रो, आ-ˈव्रो, पो-ˈत्रो, सा-ˈप्रो, का-ˈद्रो, तर मूळ रूपात जोर बहुधा प्रत्ययावर. ए टिकत असेल, प्रेन्-दे-ˈरो, लेज्-जे-ˈरो, तर बहुधा धातूवर. ˈवि-वे-रे चं वि-ˈव्रो होतं आणि ते-ˈमे-रे चं ते-मे-ˈरो, ही दोन्हीकडची फुटीर मंडळी. सर्वनाम लागलं तरी हा भेद टिकतो: वे-ˈदेर्-लो, पण ˈप्रेन्-देर्-लो.

आता अक्षरतोडीकडे. नियम थोडे आहेत. स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या अक्षरात जातं: ˈआ-मो. दुहेरी व्यंजन फुटतं: ˈमेत्-तो. ल, म, न, र नंतर व्यंजन आलं तर तिथे फुटतं: ˈपार्-लो, ˈकान्-तो. इथे देवनागरी दगा देते, कारण र्ल मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि डोळ्याला ‘पा-र्लो’ दिसतं. यांखेरीज इतर व्यंजनानंतर र किंवा ल असेल तर जोडी फुटत नाही: ˈआ-प्रो. स नंतर व्यंजन आलं तर लिखाणात स पुढे जातो: को-ˈनो-स्को, फि-ˈनि-स्को. इथे मात्र लिहिणं आणि बोलणं वेगळं आहे. उच्चारात तो स मागच्या अक्षराला मिटवतो, म्हणून कोनोस्कोमधला नो लांबत नाही. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना लिखाणाचा नियम, बोलताना कानाचा.

ही लांबी का महत्त्वाची? जोराचं अक्षर उघडं असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल तर त्याचा स्वर लांबतो, मिटलेलं असेल तर आखूड राहतो. ˈका-दे ‘तो पडतो’ मध्ये का लांब. ˈकाद्-दे ‘तो पडला’ मध्ये आखूड आणि द घट्ट. ˈबे-वे ‘पितो’, ˈबेव्-वे ‘प्यायला’. ˈआ-बि-ता-नो मध्ये पहिला आ स्पष्ट लांब ऐकू येतो, म्हणून त्यात मराठी माणूस कमी चुकतो. ˈपार्-ला-नो मध्ये जोर आहे पण लांबी नाही, आणि आपला कान फसतो तो नेमका इथे. पार् जोरात आणि उंच सुरात म्हणा, लांबवू नका. ला आणि नो दोन्ही त्याच्या मागे घसरत गेले पाहिजेत. पार्-ˈलो सारख्या टोकाच्या जोरातही स्वर आखूडच, ‘पार्लोऽ’ नाही. मध्य आणि दक्षिण इटलीत अशा शब्दानंतरचं व्यंजन दुप्पट ऐकू येतं, ‘पार्लो पोको’ चं ‘पार्लोप्पोको’. उत्तरेत बहुधा येत नाही. तुम्ही मिलानला जाणार असाल तर यासाठी घसा कोरडा करू नका.

उघडं आणि मिटलेलं हा भेद कळला की काही ‘अनियमित’ क्रियापदं सरळ होतात. ˈत्ये-ने ‘तो धरतो’ मध्ये अक्षर उघडं आणि जोर त्याच्यावर, म्हणून ए चा ये झालाय. ˈतेन्-गो मध्ये जोर आहे पण अक्षर मिटलेलं, म्हणून साधा ए. ते-ˈन्या-मो मध्ये जोरच नाही, पुन्हा साधा ए. ˈव्ये-ने, ˈवेन्-गो, वे-ˈन्या-मो तसंच. ˈमुओ-यो ‘मी मरतो’ आणि मो-ˈर्या-मो मध्येही उओ जोराखालीच दिसतो. ˈए-स्को ‘मी बाहेर पडतो’ पण उ-ˈश्या-मो, ˈदे-वो पण दोब्-ˈब्या-मो. ‘जाणे’ ला तर धातूच दोन आहेत: जोर धातूवर असेल तेव्हा ˈवा-दो, प्रत्ययावर असेल तेव्हा आन्-ˈद्या-मो. आणि फिनिस्कोमधला इस्क नेमका त्याच चार रूपांत येतो जिथे एरवी जोर धातूवर पडला असता. तो मध्ये घुसतो आणि जोर स्वतःवर घेतो: फि-ˈनि-स्को-नो, पण फि-ˈन्या-मो.

शेवटचा मुद्दा इ-आ, इ-ओ जोड्यांचा, कारण इथे अक्षरांची संख्याच जोरावर ठरते. ‘मी अभ्यास करतो’ ˈस्तु-द्यो, दोनच अक्षरं. ‘मी पाठवतो’ इन्-ˈवि-ओ, तीन, कारण इ वर जोर आहे आणि जोराचा इ शेजारच्या स्वरात विरघळत नाही. म्हणून ˈस्तु-द्या-नो पण इन्-ˈवि-आ-नो. याचा परिणाम थेट स्पेलिंगवर होतो: ‘तू’ च्या रूपात स्तुदि एका इ ने लिहायचं आणि इन्वीइ दोन इ नी. ‘स्की करणे’ आणि ‘हेरगिरी करणे’ ही इन्व्यारेच्या गटात, ‘खाणे’ आणि ‘सुरू करणे’ स्तुद्यारेच्या. ‘खाणे’ मधला इ तर उच्चारातही नाही, तो फक्त ग चा ज करण्यापुरता लिहिलेला असतो: ˈमान्-जो, ‘मान्-जि-ओ’ नव्हे. तुमच्या यादीतल्या ‘ते सुरू करतात’ चं उत्तर त्यामुळे को-ˈमिन्-चा-नो, चार अक्षरं. तुम्ही ती पाच मोजली होती.